हनुवटीची अपॉइंटमेंट

माझ्या हनुवटीवर केस आहेत, ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त ती कोणी मला सांगितली नव्हती आणि मीही कोणाला सांगितली नव्हती. सुखी संसार बहुधा यालाच म्हणत असावेत. रोज सकाळी मी बाथरूमचं दार लावून घ्यायची, नळ सोडायची आणि चिमटा घेऊन आरशाला नाक लावायची. बाहेरून नवरा विचारायचा, "अगं, झालं का?" आतून मी म्हणायची, "आले, आले." माझी आईसुद्धा असंच दार लावून घ्यायची. मोठ्या बायकांना तोंड धुवायला फार वेळ लागतो, अशी लहानपणी माझी पक्की समजूत होती.

चिमट्याच्या तावडीतून सुटलेला एकच केस होता. हनुवटीच्या डाव्या अंगाला तीळ आहे, त्यातून तो येतो. जाड, काळा आणि स्वतःच्या मतावर ठाम. तिळाला चिमटा लावायची मला भीती वाटते. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले आहे, आणि अर्धवट ज्ञानाने माणूस जितका घाबरतो तितका अज्ञानाने घाबरत नाही. म्हणून तो केस मी नखं कापायच्या कात्रीने वरच्यावर छाटायची. छाटला की त्याचा खुंट राहायचा आणि तो टोचायचा.

हा खुंट आमच्या कन्येला फार प्रिय. ती बालवाडीत जाते. दुपारी माझ्या कुशीत झोपताना एक बोट त्या खुंटावर ठेवते आणि हळूहळू घासते. त्याला तिने नाव ठेवलंय, टोचू. कोणाला पांघरुणाचा कोपरा लागतो, कोणाला कापडाची बाहुली, हिला टोचू. मला ते लाजिरवाणं वाटायचं आणि बरंही वाटायचं. आईपणात या दोन गोष्टी सहसा एकत्रच येतात.

एके दिवशी शाळा सुटताना फाटकापाशी तिची मैत्रीण पडली आणि भोकाड पसरून रडायला लागली. आमच्या कन्येने तिचा हात धरून तिला माझ्यापुढे आणलं आणि सगळ्या आयांच्या देखत म्हणाली, "माझ्या आईच्या टोचूला हात लाव. मग रडू थांबतं." रडू थांबलंच. त्या मुलीने माझी हनुवटी नीट न्याहाळली आणि निकाल दिला, "आई लोकांना दाढी नसते."

आया इकडेतिकडे बघायला लागल्या. एकीला तर एकदम तारेवरच्या कावळ्यांमध्ये गोडी वाटू लागली. मी हसले. असं हसायला किती स्नायू लागतात हे जीवशास्त्रात शिकवलं होतं, पण ते इतके दुखतात हे शिकवलं नव्हतं.

तेवढ्यावर मिटलं असतं तर मी ही कथा लिहिली नसती. घरी आल्यावर कन्या खिडकीपाशी उन्हात उभी राहिली आणि स्वतःच्या हातावरची लव बघत राहिली. मग दुसऱ्या हाताने ती लव झाकून हळूच म्हणाली, "आई, मला पण येणार?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "येऊ दे की, त्यात काय!" म्हणावं, तर मी रोज दार लावून आत काय करते? "नाही येणार" म्हणावं, तर ते खोटं. माझ्या आईचे मला आले, माझे हिला येणार. मी म्हटलं, "दूध पितेस का?" ती बाही खाली ओढून दूध प्यायली, पण हात काही उघडा करेना. बाही ओढून घेतलेला तो हात माझ्या डोळ्यांपुढून जाईना. मला दार लावायला कोणी शिकवलं नव्हतं. मीही असंच कधीतरी कोणाला तरी बघून बाही ओढली असणार.

"लेझर करते," मी नवऱ्याला सांगितलं. "एकदाचं मूळच गेलं की ती विसरून जाईल."

"आणि का काढलेस म्हणून विचारलं तर?"

"तिला कळू द्यायचंच नाही. कोणालाच नाही. गुपचूप."

आमच्या घरात गुपचूप ठरलेल्या गोष्टींचा इतिहास नवऱ्याला माहीत होता.

पहिला सुरुंग दुसऱ्याच दिवशी फुटला. माझा फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावलेला. तो वाजला, सासूबाईंनी उचलला आणि त्यांना फोन नेहमी स्पीकरवर लागतो. पलीकडून एक गोड मुलगी म्हणाली, "मॅडम, उद्या आपली हनुवटी आहे. आणि वरचा ओठ. याल ना?"

सासूबाई धावत स्वयंपाकघरात आल्या. "अगं, तुला कुठे लागलंय का? उद्या तुझी हनुवटी आहे म्हणतायत!"

झालं. मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही."

"काय नव्हतं, आई? लेझर की केस?"

त्यांनी या प्रश्नाकडे साफ दुर्लक्ष केलं. "करायचं तर कर. पण डॉक्टरकडे अशा अवतारात जातात का? जरा नीटनेटकी होऊन जा."

इथे आमच्या घराण्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे फरशी पुसायला बाई येणार म्हटलं की आम्ही आधी फरशी झाडून, पुसून ठेवतो. बाईला काय वाटेल! दाताच्या डॉक्टरकडे जाताना दात घासतो ते वेगळं, पण आमचे सासरे डोळे तपासायला जाण्याआधी वर्तमानपत्रावर सराव करून गेले होते. त्यामुळे सासूबाईंचं म्हणणं मला रास्तच वाटलं. परक्या डॉक्टरीणबाईला एवढे केस दाखवायचे म्हणजे काय! मी तडक पार्लरमध्ये गेले. तिथल्या ताईंनी दातात दोरा धरून ओठ आणि हनुवटी अशी लख्ख केली की डास बसला तर घसरावा. फक्त तिळाला हात लावायला त्या तयार नव्हत्या. "तिथलं मी काढत नाही," म्हणाल्या. "भलतंच काही झालं तर?"

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकमध्ये ऐटीत हनुवटी वर करून बसले. डॉक्टरीणबाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग धरलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"केस कुठे आहेत?"

"काढून आले," मी अभिमानाने सांगितलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "अहो, लेझर जातो तो केसाच्या काळ्या रंगाच्या वाटेने मुळापर्यंत. तुम्ही केस मुळासकट उपटून आलात. आता त्याने जायचं कुठून?"

मी हरवलेल्या माणसाचं वर्णन द्यावं तसं माझ्या केसांचं वर्णन द्यायला लागले. रंग काळा, बांधा मध्यम, शेवटचे दिसले ते काल दुपारी. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. मग एकदम आठवून मी म्हटलं, "हा एक आहे ना! तिळावरचा."

"तिळावर आम्ही लेझर मारत नाही. तीळ गडद असतो, भाजेल."

म्हणजे होता नव्हता तो एकच केस, आणि नेमका तोच चालत नव्हता. खरं तर त्याच्यापायीच मी आले होते.

मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि बजावलं, "आता काही आठवडे दोरा नाही, चिमटा नाही, मेण नाही. फारच वाटलं तर रेझर फिरवा. ऊन टाळा. आणि एकदा येऊन भागत नाही. महिन्या-दीड महिन्याने यायचं, पुन्हा पुन्हा."

"तुमच्या आईंना होते का केस?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. मग जरा थांबून खरं सांगितलं, "ती दार लावून घ्यायची."

बाहेर काउंटरवरच्या मुलीने एक कागद पुढे केला. त्यात 'आपली अपेक्षा' असा रकाना होता. मी विचार करून, स्वच्छ अक्षरात, केस कायमचे नाहीसे व्हावेत आणि मुलीपुढे या विषयाची पुन्हा चर्चा होऊ नये, असं लिहिलं. तिने वाचलं आणि कागद परत सरकवला. "मॅडम, 'नाहीसे' नाही चालत. 'कमी होणे' लिहा. आम्ही तेवढंच सांगतो. हार्मोनचं असतं, एखाददुसरा परत येतो."

"आणि मुलीचं?"

"ते आमच्याकडे नाही होत."

त्यानंतरचे आठवडे मी दाढी राखण्यात घालवले. रेझर फिरवायला परवानगी होती, पण सासूबाईंनी घरातला जादाचा रेझर कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला. "वस्तरा लावलास तर राठ होऊन येतील. मग रोज सकाळी नवरा-बायको शेजारी शेजारी साबण लावून उभे राहा." तसं काही होत नाही असं डॉक्टर म्हणतात, हे सांगून काही उपयोग नव्हता. नवऱ्याला मात्र भलताच उत्साह आला. लग्न झाल्यापासून घरातल्या कुठल्याही विषयात त्याचं मत विचारलं गेलं नव्हतं, आणि इथे तो एकदम तज्ज्ञ ठरला. त्याने माझ्यासाठी वेगळा रेझर आणला, "आपापला वापरायचा, काय?" असा दम दिला आणि केसांच्या उताराबद्दल व्याख्यान दिलं. मी अर्थात दार लावूनच रेझर फिरवला. पण कोणाचं तरी मार्गदर्शन घेऊन दार लावणं वेगळं. आत जरा कमी एकटं वाटलं.

ऊन टाळायचं म्हणून मी भर सकाळी छत्री घेऊन कन्येला शाळेत सोडू लागले. त्यामुळे बिल्डिंगमध्ये चौकशी सुरू झाली. वरच्या मजल्यावर एक बाई राहतात, त्यांना आम्ही खासगीत संशोधक म्हणतो. फोनवर आलेलं सगळं त्या वाचतात आणि वाईट तेवढं लक्षात ठेवतात. त्यांनी मला जिन्यात अडवलं.

"लेझर म्हणे? जपा हो. हनुवटीवर मारलं तरी किरण वर मेंदूत जातो."

"तो केसाच्या मुळाशीच थांबतो म्हणे."

"त्याला काय माहीत कुठे थांबायचं?" संशोधकबाई म्हणाल्या. मी जिन्यातच छत्री उघडली.

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दुखण्याबद्दल सांगितलं. त्यांच्या बहिणीने केलं होतं. "काही नाही गं, मुंगी चावते तेवढंच." त्यांचे मिस्टर आतून ओरडले, "तेव्हा तर गरम तेलाचा थेंब म्हणाली होती!" सासूबाईंनी वाद मिटवला. "बाळंतपण झालंय ना हिचं? मग?"

त्याच संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "पांढऱ्यांना चालतं का गं ते?"

"नाही, आई. काळा रंग लागतो त्याला."

"हं," त्या म्हणाल्या. "सहज विचारलं."

ठरलेला दिवस उगवला. सासूबाई नणंदेकडे गेलेल्या, नवरा कामावर. आणि सकाळीच शाळेतून निरोप आला, पाण्याची मोटर बिघडली आहे, आज सुट्टी. कन्येला घेऊन जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. जिच्यापासून लपवायचं तिलाच बोट धरून नेलं. गुपचूप म्हणतात ते हेच.

खोलीत तिला फक्त सुरुवातीपुरतं येऊ दिलं. मशीन चालवणाऱ्या ताईंनी मला खुर्चीवर आडवं केलं आणि उघड्यावर, खटाखट, माझ्या हनुवटीवरून रेझर फिरवला. जे मी इतकी वर्षं बंद दाराआड करत होते ते त्यांनी पंख्याच्या गतीबद्दल बोलत बोलत उरकलं. कन्या टक लावून बघत होती. मी डोळे मिटून घेतले. मांजर दूध पिताना मिटतं तसे.

"ऊन लागलंय? काही औषधं चालू? पोटात बाळ?" ताई विचारत गेल्या, मी नाही नाही म्हणत गेले. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पांढऱ्या पेन्सिलीने तिळाभोवती गोल काढला आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

"टोचूला का झाकलं?" कन्येचा आवाज कापरा होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ती मघापासून बाही ओढून, मुठी आवळून उभी होती. शाळेतलं बोलणं, माझी छत्री, कुजबुज, सगळं तिने आपल्या परीने जोडलं होतं. आईचं काहीतरी वाईट आहे आणि ते आज काढून टाकणार आहेत.

डॉक्टरीणबाईंना टोचू म्हणजे कोण हे कळायला एक क्षण लागला. मग त्या खाली वाकून तिच्या उंचीला आल्या. "झाकलंय म्हणजे त्याला काही होणार नाही. बाकीचे थोडे कमी करायचे. आईला नकोयत ना, म्हणून. हा एक तुझ्यासाठी ठेवलाय."

"नक्की?"

"नक्की. एक ठेवतोच आम्ही."

त्या हे सहज बोलल्या. नेहमीच्या घाईत, मुलाला गप्प करायला बोलतात तसं. कन्येने मात्र ते नियमासारखं ऐकलं, मान डोलावली आणि काउंटरवरच्या मुलीबरोबर बाहेर गेली.

मग डोळ्यांवर काळा चष्मा, हनुवटीवर गार जेल, आणि टक्. रबर ताणून सोडावं तसं. वहिनींची मुंगीही खरी आणि त्यांच्या मिस्टरांचं तेलही खरं. प्रत्येक टक् नंतर गार हवेचा झोत आणि जळका वास. माझाच वास. वरच्या ओठावर टक् झालं तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण ते ओठाचं की बाहेरच्या त्या मुठींचं, सांगता येणार नाही. मला वाटलं होतं, तिच्यापासून केस लपवले म्हणजे झालं. ती केसांकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

घरी आलो तेव्हा हनुवटी लाल होती. जेवायला घरी आलेल्या नवऱ्याने दार उघडलं आणि नाक वर करून विचारलं, "काय करपलं?"

"मी," म्हटलं.

दुपारी कन्या कुशीत आली, बोटाने चाचपून पाहिलं आणि टोचू जागेवर आहे अशी खात्री करून झोपली. त्या दिवशी बाही वर होती.

एवढ्यावर सुखान्त व्हायला हरकत नव्हती. पण आठवडा उलटतो न उलटतो तो सगळे केस पुन्हा वर! काळे, ताठ, रांगेत. मी छत्री विसरून धावत क्लिनिक गाठलं. "उगवले! सगळेच्या सगळे उगवले!" काउंटरवरची मुलगी दचकली, बाकावरच्या दोन बायकांनी आपापल्या पर्स उचलल्या. मशीनच्या ताईंनी बाहेर येऊन कापसाचा बोळा माझ्या हनुवटीवर हलकेच फिरवला आणि तो मला दाखवला. बोळ्यावर केस होते. "उगवत नाहीयेत हो. मेलेत. आतून बाहेर पडतायत. सांगितलं होतं की तुम्हाला." सांगितलं असेल. त्या वेळी मी डोळे मिटून होते.

तोंड पाडून मी घरी आले. बिल्डिंगचा जिना चढायला लागले तर वर गलका. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर मुलांची रांग बसली होती. सर्वांत वरच्या पायरीवर आमची कन्या, डोळ्यांवर पोहायचा चष्मा, हातात नवऱ्याची टॉर्च. पुढ्यात समोरच्या वहिनींची मुलगी मान वर करून बसलेली.

"ऊन लागलंय? औषध चालू? पोटात बाळ?"

"दोन," पेशंट म्हणाली.

"चालेल. माझ्या आईने पण केलंय. दुखत नाही, नुसता करपल्याचा वास येतो."

दारात वहिनी उभ्या होत्या, वरच्या कठड्यावरून संशोधकबाई वाकल्या होत्या, आणि नणंदेकडून परतलेल्या सासूबाई मधल्या पायरीवर पिशवी ठेवून टेकल्या होत्या. झाकली मूठ म्हणून मी जी इतके दिवस जपली ती कन्येने पार उघडून, वर टॉर्च मारून दाखवली होती. मला वाटलं, आल्या पावली खाली उतरावं. पण कन्येने मला पाहिलं होतं.

"पुढचा पेशंट! आई, बस."

बिल्डिंगच्या साक्षीने मी बसले. टॉर्च हनुवटीवर आली. मेलेले, निघायला टेकलेले सगळे केस उजेडात लख्ख दिसत असणार. कोणी कावळे बघितले नाहीत. सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि आश्चर्य म्हणजे त्याने काही कोसळलं नाही.

"कुठला ठेवायचा?" कन्येने विचारलं.

"म्हणजे?"

"एक ठेवायचाच असतो," तिने सगळ्या रांगेला समजावलं. "नियम आहे. तुला कुठला आवडतो?"

या प्रश्नाचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. पार्लरमध्ये, क्लिनिकमध्ये, आरशापुढे, कुठला नको एवढंच मला येत होतं. मी तिळावर बोट ठेवलं. "हाच."

"तो माझा आहे. तू तुझा सांग."

मी हनुवटी चाचपत राहिले. रांग चुळबुळायला लागली.

"अगं, आटप ना," मागून सासूबाई म्हणाल्या. "माझा नंबर आहे."

त्या उठून माझ्या शेजारी येऊन बसल्या. चष्मा काढून मांडीवर ठेवला, पदर खांद्यावर सारखा केला आणि हनुवटी वर केली. टॉर्च तिकडे वळली. त्यांच्या हनुवटीखाली पांढरेशुभ्र, चांगले लांब केस होते. इतकी वर्षं एका घरात राहून मी ते पाहिले नव्हते. म्हणजे त्यांचंही दार होतंच कुठेतरी.

"आजीचे चांदीचे!" कन्या ओरडली. तिने टॉर्च आजीवर मारली, मग माझ्यावर, मग पुन्हा आजीवर. शेवटी स्वतःची बाही खांद्यापर्यंत सरकवून हातावर मारली आणि बराच वेळ निरखून, वाटणीत आपल्याला कमी आलंय अशा सुरात म्हणाली, "आई, मला कधी येणार?"

उत्तर आजींनीच दिलं.

"येतील गं, घाई काय आहे," मान वरच ठेवून त्या म्हणाल्या. "आधी माझं बघ. आणि सगळे ठेव."